ऋषीचे कूळ, वूकीचे पदक

'स्टार वॉर्स' या चित्रपटमालिकेतील पात्रांविषयीचे अनुत्तरित प्रश्न हा आता एक स्वतंत्र अभ्यासविषय झाला आहे. मुख्य मालिका नऊ चित्रपटांची. पहिला 25 मे 1977 रोजी अमेरिकेत झळकला, नववा 2019 च्या डिसेंबरात आला. या अवधीत पडद्यावर प्रजासत्ताक बुडाले, साम्राज्य आले आणि गेले, ग्रहच्या ग्रह उडवले गेले. पण वूकी जातीच्या च्युबाकाला पदक का दिले नाही, हा प्रश्न जागचा हलला नाही.

असे प्रश्न दोन मार्गांनी जन्माला येतात. लेखकाने मुद्दाम राखलेले गुपित हा पहिला मार्ग. या मालिकेत तो क्वचितच वापरला गेला आहे. दुसऱ्या मार्गात उत्तर खुद्द लेखकालाच ठाऊक नसते. पटकथा बदलते, दृश्य कापले जाते, नट म्हातारा निघतो, आणि प्रश्न तयार होतो. चाहत्यांमधला भाष्यकार मात्र हा दुसरा मार्ग मानतच नाही. त्याच्या मते पडद्यावर अपघाताने काहीही घडत नाही. कोणी दाराच्या चौकटीवर डोके आपटले, तर त्यामागेही वंशपरंपरा असते. हे उदाहरण काल्पनिक नाही. ते पुढे येईल.

सर्वांत थोरला प्रश्न बापाचा. 1977 च्या चित्रपटात ओबी-वान केनोबी हा जेडाय पंथातला वृद्ध योद्धा तरुण ल्यूक स्कायवॉकरला सांगतो, की डार्थ व्हेडर नावाच्या माझ्या एका शिष्याने दगा देऊन तुझ्या वडिलांना मारले. 1980 च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये हाच व्हेडर ल्यूकचा हात मनगटातून तोडतो आणि थोड्याच वेळात, फारशी प्रस्तावना न करता, आपणच तुझा बाप असल्याचे कळवतो. म्हणजे ओबी-वान खोटे बोलला. का बोलला? पटकथांचा इतिहास पाहिला तर तो बहुधा खरेच बोलत होता. खोटे नंतर ठरले. ली ब्रॅकेट या ज्येष्ठ विज्ञानकथा-लेखिकेने 1978 च्या आरंभी दुसऱ्या चित्रपटाचा पहिला मसुदा लिहिला. त्यात ल्यूकच्या दिवंगत वडिलांचा आत्मा येऊन मुलाशी बोलतो, आणि व्हेडर वेगळा, जिवंत, खलनायकाच्या कामावर रुजू असतो. ब्रॅकेट त्याच वर्षी मार्चमध्ये वारल्या. पुढच्या मसुद्यात मालिकेचे जनक जॉर्ज लुकस यांनी या दोन माणसांचा एक माणूस करून टाकला.

गुपित इतके जपले गेले, की चित्रीकरणाच्या वेळी व्हेडरच्या वेषातील डेव्हिड प्राउज यांना वेगळेच वाक्य दिले होते: तुझ्या बापाला ओबी-वानने मारले. खरे वाक्य ल्यूक झालेल्या मार्क हॅमिल यांच्या कानात चित्रीकरणाच्या जरा आधी सांगितले गेले, आणि व्हेडरचा आवाज असलेल्या जेम्स अर्ल जोन्स यांनी ते नंतर ध्वनिमुद्रित केले. वाक्य प्रथम वाचताच, व्हेडर थापा मारतोय, असे आपल्याला वाटले, हे जोन्स यांनीच पुढे सांगितले आहे. या परंपरेतला पहिला शंकेखोर भाष्यकार म्हणजे खुद्द व्हेडरचा कंठ.

1983 मध्ये ओबी-वानला जाब विचारला गेला. तोवर तो मरून भूत झाला होता, त्यामुळे त्याला फारसे भय नव्हते. आपण सांगितले ते एका विशिष्ट दृष्टिकोनातून खरेच होते, असे त्याने उत्तर दिले. भाष्यकारांच्या हाती यापेक्षा मोलाचे साधन आजवर पडलेले नाही. त्या दिवसापासून मालिकेतला कोणताही विसंवाद हा विसंवाद राहिला नाही. तो दृष्टिकोन झाला. अपवाद एकच. त्याच चित्रपटात ल्यूक आणि राजकन्या लेया ही जुळी भावंडे असल्याचे उघड झाले. पण तीन वर्षांपूर्वी, दवाखान्याच्या दृश्यात, लेयाने सर्वांसमक्ष ल्यूकचे घेतलेले चुंबन परत घेता येण्यासारखे नव्हते. दृष्टिकोनाचे सूत्र येथे लागू करण्याचे धाडस फारसे कोणी केलेले नाही.

अपघात कधी कधी लेखकापेक्षा हुशार निघतो, हेही मान्य केले पाहिजे. 1977 च्या चित्रपटात ल्यूकची चुलती बेरू म्हणते, की पोर अगदी बापावर गेले आहे. त्यावर चुलता ओवेन म्हणतो, मला भीती वाटते ती त्याचीच. बाप हा साधा शूर वैमानिक होता असे समजून हा संवाद ऐकला, तर तो घरगुती चिंतेचा वाटतो. बाप म्हणजे व्हेडर हे कळल्यावर तोच अंगावर काटा आणतो. तसेच द्वंद्वयुद्धाच्या वेळी ओबी-वान व्हेडरला 'डार्थ' अशी हाक मारतो. त्या काळी ते बहुधा साधे पाळण्यातले नाव होते. पुढच्या चित्रपटांत ती पदवी ठरली. पदवीधरही बरेच निघाले. मग भाष्यकारांनी ओबी-वानच्या हाकेत उपरोध शोधला: शिष्याचे खरे नाव उच्चारायचीही त्याची इच्छा उरली नव्हती, म्हणून तो त्याला नुसत्या पदवीने टोमणा मारतो. हा अर्थ लेखकाच्या मनात असणे अवघड आहे. पण अर्थ चांगला आहे, आणि तो राहू द्यायला हरकत नाही.

यानंतरचा प्रश्न लपवालपवीचा. 1999 ते 2005 या काळात लुकस यांनी पूर्वकथेचे तीन चित्रपट काढले. जुनी कोडी सुटावीत हा हेतू असेल, तर त्याचा परिणाम उलटा झाला. 2005 च्या 'रिव्हेंज ऑफ द सिथ'च्या शेवटी नवजात ल्यूकला त्याच्या बापापासून लपवायचे ठरते. त्यासाठी विश्वातील असंख्य ग्रहांमधून टॅटुइन हा ग्रह निवडला जातो. हे व्हेडरचे बालपणाचे गाव. तेथे मूल ज्यांच्या घरी ठेवले, तो ओवेन हा व्हेडरचा सावत्र भाऊ. त्या घराच्या आवारात व्हेडरच्या आईची समाधी आहे, आणि ती पुरली जात असताना व्हेडर स्वतः तेथे उभा होता. मुलाचे आडनाव स्कायवॉकरच ठेवले. राखणीला राहिलेल्या ओबी-वानने सावधगिरी म्हणून नाव बदलून बेन केले. आडनाव केनोबीच ठेवले. साम्राज्याच्या शिरगणती खात्यात एकही कर्तबगार कारकून नव्हता, असा निष्कर्ष यातून काढता येतो.

भाष्यकारांनी मात्र या व्यवस्थेचे समर्थन केले आहे, आणि त्यासाठी वापरलेला पुरावा वाखाणण्यासारखा आहे. 2002 च्या चित्रपटात तरुण अनाकिन, म्हणजे भावी व्हेडर, प्रेयसी पद्मेजवळ वाळूची तक्रार करतो: ती खरखरीत असते आणि सगळीकडे शिरते. त्या वेळी प्रेक्षकांनी या संवादाची यथेच्छ टिंगल केली. पुढे त्यालाच संपूर्ण कटाचा पाया मानले गेले. टॅटुइन हा वाळवंटी ग्रह आहे. ज्याला वाळूचा तिटकारा आहे तो तेथे पुन्हा पाऊल टाकणार नाही. म्हणून मूल वाळूतच सर्वांत सुरक्षित.

त्याच वाळवंटावर आणखी एक कामगिरी सोपवली गेली. 2005 मधला ओबी-वान चौतिशीच्या यूअन मॅकग्रेगर यांनी रंगवला. 1977 मधला, तेव्हा साठी ओलांडलेल्या ॲलेक गिनेस यांनी. कथेत या दोहोंमध्ये 19 वर्षांचे अंतर आहे. एवढ्याच वर्षांत माणूस इतका कसा पिकला? टॅटुइनला दोन सूर्य आहेत, हे उत्तर. उन्हाने केस पांढरे होतात की नाही, हा तपशील दुय्यम मानला जातो.

यंत्रमानवांचा प्रश्न याहून नाजूक आहे. 1977 मध्ये आर-टू-डी-टू समोर आला असता ओबी-वान म्हणतो, माझ्या मालकीचा यंत्रमानव कधी असल्याचे आठवत नाही. पूर्वकथेच्या चित्रपटांत हाच आर-टू त्याच्या डोळ्यांसमोर अनेक लढाया लढला आहे. भाष्यकारांनी येथे 'मालकीचा' या शब्दावर बोट ठेवले: यंत्र अनाकिनचे होते, ओबी-वान कायद्याच्या भाषेत खरे बोलला. सी-थ्री-पीओची सोय सोपी होती. तो लहानग्या अनाकिननेच जुळवल्याचे 1999 मध्ये दाखवले गेले, त्यामुळे 2005 मध्ये त्याची स्मृती पुसण्याचा हुकूम घाईघाईने द्यावा लागला. आर-टूची स्मृती पुसण्याचा हुकूम मात्र कोणी दिला नाही. म्हणजे हा लहानसा यंत्रमानव अनाकिन आणि पद्मेच्या चोरून झालेल्या लग्नाला साक्षीदार होता, जुळी जन्मली तेव्हा जवळपास होता, आणि नंतर ल्यूकच्या विमानात मागच्या जागेवर बसून वर्षानुवर्षे हिंडला. ल्यूक बापाच्या शोधात होता; बापाचा पत्ता पाठीमागेच बसला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे या मालिकेच्या मधल्या भागाचे पुरेसे कथासार आहे. 1980 च्या चित्रपटात जेडाय गुरू योडा आणि आर-टू एका छोट्या दिव्यासाठी झोंबतात, तेव्हाही हे दोन जुने परिचित एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. आर-टू स्वभावानेच चहाडखोर नाही, हे स्पष्टीकरण बहुमताने स्वीकारले गेले आहे.

च्युबाकाचेही मौन असेच. 2005 मध्ये तो योडाच्या खांद्याला खांदा लावून लढताना दिसतो. पुढे त्याचा भागीदार हान सोलो 'फोर्स' या गूढ शक्तीची थट्टा करतो, तेव्हा च्युबाका गप्प असतो. मी त्या लोकांना ओळखतो, एवढेही तो म्हणत नाही. कदाचित म्हणालाही असेल. वूकी भाषेतले भाषांतर हानच करणार, आणि हान ते गाळणार.

लेयाच्या आईचा प्रश्न थोडक्यात आटोपतो. 1983 मध्ये लेया सांगते, की आई आपल्या लहानपणीच वारली. आठवतात त्या नुसत्या प्रतिमा, सुंदर पण उदास. 2005 मध्ये ती आई बाळंतपणातच जाते. लेयाला आठवणी गोळा करण्यास काही क्षण मिळाले होते. जुळ्यांपैकी ल्यूकला तेवढ्याच क्षणांत काहीच आठवू नये, याचे उत्तर 'मुलींचे लक्ष जास्त असते' असेही देण्यात आले आहे. पद्मेच्या मृत्यूचे कारण वैद्यकीय यंत्रमानव जगण्याची इच्छा संपली असे देतो. एवढ्या प्रगत संस्कृतीत, जेथे हातपाय तुटलेल्या व्हेडरला त्याच सुमारास शस्त्रक्रियेने उभे केले जाते, तेथे हे निदान कोणालाच पटले नाही. म्हणून सम्राट पॅल्पटिनने तिचे प्राण शोषून व्हेडरला जगवले, असा सिद्धान्त मांडला गेला. चित्रपटापेक्षा तो निश्चितच चांगला आहे.

किरकोळ पात्रांकडे वळले, की विषयाला खरा रंग चढतो. 1977 च्या चित्रपटात एक पांढऱ्या चिलखतातील शिपाई दारातून येताना कपाळ आपटून घेतो. ही चित्रीकरणातील चूक होती. लुकस यांनी ती काढून टाकण्याऐवजी पुढील आवृत्तीत तिला 'टक्' असा आवाज जोडला. त्याआधीच 2002 च्या चित्रपटात त्यांनी जँगो फेट या पात्रालाही यानाच्या दारावर डोके आपटायला लावले होते. प्रजासत्ताकाचे सैन्य जँगोच्या प्रतिकृतींचे; तेव्हा शिपायाची धडपड ही पैतृक ठरली. दुर्दैवाने, 1977 च्या कथेपर्यंत सैन्यातील प्रतिकृती जवळजवळ संपून सामान्य भरतीचे शिपाई आले होते, असे अधिकृत साहित्यातच पुढे नमूद झाले. शिपाई पुन्हा निव्वळ वेंधळा झाला.

याच सैन्याची मागणी कोणी नोंदवली, हा वेगळा प्रश्न आहे. 2002 मध्ये कामिनो ग्रहावरचे कारखानदार ओबी-वानला सांगतात, की सिफो-डायस नावाच्या जेडायने सांगितल्यावरून 2 लाख सैनिक तयार आहेत आणि आणखी 10 लाख वाटेवर आहेत. सिफो-डायस तर कधीच मेलेला. मसुद्यात हे नाव 'सिडो-डायस' असे होते, खलनायक सिडियसने घेतलेले उघड टोपणनाव. एक अक्षर बदलले आणि एक नवा माणूस जन्मला. त्याची कहाणी सांगायला 2014 मधला एक दूरचित्रवाणी भाग खर्ची पडला. जेडाय मंडळींनी मात्र मागणी कोणाची, पैसे कोणाचे याचा छडा लागण्याआधीच माल ताब्यात घेतला आणि युद्ध सुरू केले. सरकारी खरेदीच्या इतिहासात याला तोड नाही.

विलरो हूड हा मानाचा तुरा. 1980 च्या चित्रपटात ढगांतले शहर रिकामे होत असताना एक नट क्षणभर पडद्यावरून पळत जातो. हातात आइस्क्रीम बनवायचे घरगुती यंत्र. सामान हाती लागेल ते द्या, असे कोणी म्हणाले असावे. चाहत्यांनी विचारले: साम्राज्याचे सैन्य दाराशी आलेले असताना हा माणूस आइस्क्रीम का वाचवतो आहे? यावरून त्याला नाव मिळाले, वायूच्या खाणीत नोकरी मिळाली, आणि त्या यंत्रात बंडखोरांची गुप्त माहिती असल्याचे ठरले. चाहत्यांच्या संमेलनात केशरी कपडे घालून आणि तसली यंत्रे कवटाळून लोक घोळक्याने धावतात. 2019 च्या 'द मँडलोरियन' मालिकेत तेच भांडे मौल्यवान धातू ठेवण्याची तिजोरी म्हणून दाखवले गेले.

बोबा फेट या भाडोत्री शिकाऱ्याला 1980 मध्ये चार वाक्ये होती. 1983 मध्ये एकही नव्हते. एक किंकाळी होती, सार्लॅक नावाच्या वाळूतल्या राक्षसाच्या तोंडात पडतानाची. त्या पोटात भक्ष्य हजार वर्षे हळूहळू पचते, असे सी-थ्री-पीओ सांगतो. भीती दाखवण्यासाठी घातलेल्या या वाक्याचा भाष्यकारांनी आशावादी अर्थ लावला: पचायला हजार वर्षे लागतात, म्हणजे पहिल्या दिवशी तरी माणूस धडधाकट असणार. कादंबऱ्या आणि चित्रकथांनी त्याला बाहेर काढले. पडद्यावर सुटका दाखवायला मात्र 2021 चे डिसेंबर उजाडले. तो ज्वाला फेकून बाहेर पडला. चाहत्यांनी तीन दशके आधी कल्पिले होते त्याहून यात नवे फारसे काही नाही.

हान सोलोच्या बाबतीत वेगळाच घोटाळा झाला. 1977 मध्ये तो बढाई मारतो, की आपल्या यानाने केसेलची फेरी बारा पार्सेकांच्या आत मारली. पार्सेक हे अंतराचे माप आहे, सुमारे 3.26 प्रकाशवर्षांचे; वेळेचे नव्हे. हान अडाणी, की समोरच्यांना अडाणी समजणारा? दुसरा अर्थ पात्राला शोभतो. ओबी-वानच्या चेहऱ्यावरचा भाव पाहता त्यालाही तोच पटला असावा. पण 2018 च्या 'सोलो'मध्ये हानने खरोखरच जवळचा धोकादायक रस्ता काढला असे दाखवले गेले, आणि बारा हा आकडाही पूर्णांक करताना खाली ओढलेला निघाला. एक चांगला थापाड्या वाया गेला. त्याच चित्रपटात, हानचे आडनाव सोलो कसे, याचेही उत्तर मिळाले: तो एकटा होता, म्हणून भरती अधिकाऱ्याने तसे लिहून घेतले. हे कोणी विचारले होते, हा त्या चित्रपटाविषयीचा एकमेव खरा अनुत्तरित प्रश्न.

खानावळीत हान आणि त्याला पकडायला आलेला ग्रीडो यांच्यात आधी गोळी कोणी झाडली, हा वाद तर चित्रपटाने स्वतःच निर्माण केला. 1977 मध्ये हान एकटाच गोळी झाडतो. 1997 च्या सुधारित आवृत्तीत ग्रीडो आधी झाडतो, आणि टेबलाच्या पलीकडून नेम चुकवतो. 2004 मध्ये दोघे जवळजवळ एकदम झाडतात. 2019 च्या आवृत्तीत ग्रीडो त्याआधी 'मॅकलंकी' असे काहीतरी ओरडतो. हानचे शील सुधारावे म्हणून ही दुरुस्ती झाली. हानला चाहत्यांनी कधीच माफ केले होते, दुरुस्तीला केले नाही.

राहिला च्युबाका. 1977 च्या शेवटी ल्यूक आणि हान यांच्या गळ्यात पदके पडतात, आणि त्याच लढाईत उतरलेला च्युबाका बाजूला उभा राहून गुरगुरतो. मानपानाचा हा प्रश्न इतका पेटला, की 1997 च्या एमटीव्ही पुरस्कार सोहळ्यात लेया झालेल्या कॅरी फिशर यांनी अखेर पीटर मेह्यू यांच्या, म्हणजे च्युबाकाच्या, गळ्यात पदक घातले. 2019 मध्ये कथेतही ते हाती आले. लगेच नवा वाद सुरू झाला: हे पदक त्याचे, की हानचे जुने?

एवढ्या पसाऱ्याची दफ्तरनोंद ठेवणे भाग होते. 2000 पासून लीलँड ची यांनी लुकस यांच्या संस्थेत 'होलोक्रॉन' नावाचा माहितीकोश सांभाळला. त्यात सत्याला दर्जे होते: चित्रपटातले सत्य सर्वांत वर, मग दूरचित्रवाणीवरचे, मग कादंबऱ्या-चित्रकथांतले. 2012 मध्ये डिस्नेने संस्था सुमारे 4 अब्ज डॉलरना विकत घेतली, आणि 25 एप्रिल 2014 रोजी कादंबऱ्या-चित्रकथांतला बहुतेक सारा इतिहास 'दंतकथा' म्हणून जाहीर झाला. हजारो उत्तरे एका दिवसात पुन्हा प्रश्न झाली. भाष्यकारांना याचे खरे दुःख झाले की आनंद, हे नीटसे कळलेले नाही.

या सगळ्या धामधुमीत लुकस यांनी एकच गोष्ट ठामपणे पाळली. ऋषीचे कूळ विचारू नये, तसे त्यांनी योडाचे कूळ सांगितले नाही. नऊशे वर्षे जगलेल्या या ठेंगण्या गुरूच्या जातीला नाव नाही, मूळ ग्रहही नाही. 2019 मध्ये त्याच जातीचे पन्नास वर्षांचे बाळ पडद्यावर आले. पुढच्या वर्षी त्याला ग्रोगू हे नाव मिळाले; जातीला तेव्हाही नाही. संपूर्ण मालिकेत राखले गेलेले खरे गुपित हेच, आणि त्याने योडाचे काहीही बिघडलेले नाही.

2015 पासूनच्या तीन चित्रपटांत हा संयम सुटला. तिन्हींचा पक्का आराखडा आधी ठरलेला नव्हता, आणि ते दिसते. रे या नायिकेचे आईबाप कोण, हे पहिल्याने झाकून ठेवले. 2017 मध्ये दिग्दर्शक रायन जॉन्सन यांनी उत्तर दिले: कोणी नाही, दारूच्या पैशांसाठी पोर विकणारे भंगारवाले. हे या मालिकेतले सर्वांत धीट उत्तर होते. दोन वर्षांत ते मागे घेतले गेले आणि रे पॅल्पटिनची नात निघाली. बाप म्हणजे पॅल्पटिनची फसलेली प्रतिकृती, हे कळण्यासाठी कादंबरी वाचावी लागते. सुरुवातीला तिला ओबी-वानच्या घराण्यात घालण्याचाही विचार झाला होता, असे रेची भूमिका करणाऱ्या डेझी रिडली यांनी 2020 मध्ये सांगितले. स्नोक या महाखलनायकाच्या कुळाविषयी दोन वर्षे सिद्धान्त रचले गेले. दुसऱ्या चित्रपटात तो काहीही न सांगता दोन तुकडे होऊन पडला, आणि तिसऱ्यात त्याच्या प्रती काचेच्या टाकीत तरंगताना आढळल्या. 1983 मध्ये खोल विवरात फेकलेला पॅल्पटिन कसा परतला, याचे उत्तर एक वैमानिक 'कसाबसा' अशा अर्थाच्या एका शब्दात देतो. पॅल्पटिनची परतीची घोषणा तर चित्रपटात नव्हतीच. ती 'फोर्टनाइट' या संगणकखेळात ऐकवली गेली. 'कसाबसा'चा खुलासा करण्याचे काम नंतरच्या दूरचित्रवाणी मालिकांवर पडले, आणि ते अजून चालू आहे.

माझ कनाटा या पात्राने या सर्वांपेक्षा प्रामाणिक वाट धरली. 1980 मध्ये ल्यूकच्या तुटलेल्या हातासकट खोल दरीत गेलेली प्रकाशतलवार 2015 मध्ये तिच्या पेटीत निघते. ही तुला कुठे मिळाली, असे हान विचारतो. प्रश्न चांगला आहे, पण पुन्हा केव्हातरी, असे ती सांगते. त्यानंतरच्या दोन्ही चित्रपटांत ती आली, आणि हा विषय निघाला नाही. रे हिच्यावरील आणखी एका चित्रपटाची घोषणा 2023 मध्ये लंडनला झाली आहे. तेव्हा माझबाईंची मुदत अजून संपलेली नाही.